ताब्याआधीची स्ट्रक्चरल तपासणी : कोणती सेवा घ्यावी, कोणती परत पाठवावी

नव्या इमारतीच्या सांगाड्याबाबत महाराष्ट्रात एक विचित्र पोकळी आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरल दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. सोसायट्यांचे आदर्श उपविधी मात्र स्ट्रक्चरल ऑडिट सांगतात ते इमारत १५ वर्षांची झाल्यावर : १५ ते ३० वर्षांपर्यंत दर ५ वर्षांनी, पुढे दर ३ वर्षांनी. म्हणजे जबाबदारी संपते पाचव्या वर्षी आणि पहिली सक्तीची तपासणी होते पंधराव्या. मधल्या काळात कॉलम-बीमकडे कुणी बघितलंच नाही, तरी कुठलाही नियम मोडत नाही.

नवी म्हणजे मजबूत असंही काही नाही. महाडची पाच मजली तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ माणसं गेली. ती जुनी इमारत नव्हती. गुरुग्रामच्या चिंटेल्स पॅराडिसोमध्ये १० फेब्रुवारी २०२२ ला डी टॉवरचे स्लॅब एकावर एक खाली आले आणि दोन महिलांचा जीव गेला. तिथल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड असल्याचं आणि सळया गंजल्याचं आयआयटी दिल्लीच्या तपासणीत निघालं. तो टॉवर दहा वर्षांचाही नव्हता.

म्हणून ताब्याच्या वेळी स्वतःच्या खर्चाने तपासणी करून घेणारे वाढलेत, हे चांगलंच आहे. अडचण अशी की पुण्या-मुंबईत ‘स्ट्रक्चरल चेक’ या एका नावाखाली तीन वेगळ्या सेवा विकल्या जातात. पहिली होम इन्स्पेक्शनवाल्यांची, दुसरी एनडीटी (काँक्रीट न फोडता चाचणी करणाऱ्या) लॅबची, तिसरी स्ट्रक्चरल कन्सल्टंटची. इथे परीक्षण या तिन्ही प्रकारांचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही.

होम इन्स्पेक्शनवाले थर्मल कॅमेरा, मॉइश्चर मीटर, टाइल ठोकायची दांडी आणि सॉकेट टेस्टर घेऊन येतात. पोकळ टाइल, बाथरूमचा उलटा उतार, खिडकीतून मुरणारं पाणी, नसलेलं अर्थिंग हे सगळं ते नीट पकडतात आणि त्यापुरते पैसे वसूल होतात. सांगाड्याबद्दल मात्र त्यांचा रिपोर्ट जवळजवळ काहीच सांगत नाही. थर्मल कॅमेऱ्याला काँक्रीटची ताकद दिसत नाही, सळईही दिसत नाही. रिपोर्टमध्ये ‘स्ट्रक्चरल’ या मथळ्याखाली असतात ते भेगांचे फोटो, आणि त्यातही गल्लत होते. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची) भिंत जिथे आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) बीमला किंवा कॉलमला भिडते, तिथे सरळ रेषेत भेग पडणं फार सामान्य आहे. ब्लॉक आक्रसतो, काँक्रीट वेगळ्या गतीने हलतं, आणि सांध्यावर जाळी न मारता प्लास्टर केलं की ते फाटतं. अशा भेगेला रिपोर्टमध्ये लाल शेरा मिळतो, आणि बीमच्या टोकाजवळची तिरकी भेग ‘हेअरलाइन, मायनर’ म्हणून सुटून जाते.

फरक ओळखायला भेगेच्या दोन्ही बाजूंचं चार-चार इंच प्लास्टर काढून बघावं लागतं. भेग ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यातच असेल आणि काँक्रीट स्वच्छ असेल, तर तो प्लास्टरवाल्याचा विषय. भेग काँक्रीटमध्ये शिरली असेल, तर दिशा बघायची. बीमच्या टोकाला ४५ अंशांच्या आसपास तिरकी असेल तर शिअरचा (बीम कापला जाण्याचा) संशय, मध्यावर खालून वर उभी चढली असेल तर वाकण्याचा, आणि कॉलममध्ये सळईच्या रेषेत उभी असेल तर थांबून इंजिनिअरला बोलवायचं. रुंदी क्रॅक-गेज कार्डने मोजायची. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक (कोड), सर्वसाधारण ठिकाणी ०.३ मिमीपर्यंत चालवून घेतं, सतत ओल असलेल्या ठिकाणी ०.२ पर्यंतच. ‘बारीक’ आणि ‘मोठी’ या शब्दांवर चालणारा रिपोर्ट घेऊ नका.

दुसरी सेवा लॅबची. तुम्ही पॉइंट सांगता, ते हॅमर आणि अल्ट्रासॉनिक घेऊन येतात आणि दर पॉइंटमागे पैसे घेतात. उपकरणं खरी असतात, आकडे खरे असतात, तरीही या प्रकारातले बरेच रिपोर्ट निरुपयोगी निघतात, कारण आकडा कुठून घेतला आणि त्याची तुलना कशाशी करायची हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

आधी रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून किती उसळी येते ते मोजणारा हातोडा. तो फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, जेमतेम वरच्या ३० मिमीचा. प्लास्टर किंवा पुट्टीवर मारलेल्या हॅमरला काहीच अर्थ नाही. काँक्रीट उघडं करून, दगडाने घासून, कोरडं असताना मारायचा. एका जागी किमान सहा ठोके, कडेपासून २५ मिमी तरी आत. आडवा धरला की एक ग्राफ, स्लॅबच्या तळाला वर धरला की दुसरा. दिशेची नोंद नसेल तर पुढचं गणितच चुकतं. काम सुरू करण्याआधी लोखंडी ऐरणीवर ठोके मारून वाचन ८० च्या आसपास येतंय ना, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आणि हे सगळं नीट केलं तरी ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, हे कोडच सांगतो. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘३२.४७ न्यूटन प्रति चौ.मिमी’ लिहिलेलं असतं तेव्हा खरा आकडा २४ ते ४० च्या मध्ये कुठेही असू शकतो. दशांश चिन्हापुढच्या दोन अंकांवर विश्वास ठेवू नका. हॅमरचा खरा उपयोग तुलनेचा आहे : स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या उघड्या पार्किंगमधल्या) ४० कॉलमपैकी ३७ सारखे आणि ३ खूप खाली असतील, तर त्या तिघांकडे जायचं.

अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे यूपीव्ही, जास्त आतलं सांगते. दोन ट्रान्सड्यूसर कॉलमच्या समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावून धरायचे, ध्वनिलहर किती मायक्रोसेकंदात पार झाली ते बघायचं, आणि अंतराला वेळेने भागायचं. मध्ये पोकळी असेल तर लहर वळसा घालून जाते, वेळ वाढतो, वेग पडतो. इथली नेहमीची चूक अंतरात होते. कॉलमचं काँक्रीट ३०० मिमी, वेळ ८० मायक्रोसेकंद, तर वेग ३.७५ किमी प्रति सेकंद. पण मोजणाऱ्याने अंतर प्लास्टर असलेल्या भागावर मोजून ३३० लिहिलं, तर तोच वेग ४.१२ होतो आणि कॉलम कागदावर सुधारतो. दुसरी चूक म्हणजे एकाच बाजूवर दोन्ही ट्रान्सड्यूसर ठेवून घेतलेलं वाचन थेट वाचनाच्या तक्त्यात बसवणं. एकाच बाजूचा वेग मुळात कमी येतो आणि तो वरच्या थराबद्दलच बोलतो. तिसरी गोष्ट, काँक्रीट ओलं असेल तर वेग वाढून येतो. पावसाळ्यात उघड्या पार्किंगमध्ये घेतलेल्या वाचनाशेजारी ओलीची नोंद हवी.

निकषही कुठला लावला ते विचारा. यूपीव्हीसाठी आयएस १३३११ च्या जुन्या तक्त्यात ४.५ किमी प्रति सेकंदाच्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ च्या खाली संशयास्पद अशी वर्गवारी होती. त्या कोडची जागा २०१८ मध्ये आयएस ५१६ भाग ५ विभाग १ ने घेतली, हॅमरसाठी २०२० मध्ये विभाग ४ आला. आजच्या तारखेच्या रिपोर्टखाली अजून १३३११ छापलेलं दिसलं, तर लॅबने साचा बदललेला नाही एवढं नक्की.

याच लॅबा नव्या इमारतीत हाफ-सेल पोटेन्शिअलही सुचवतात. गंजाची शक्यता मोजणारी ही चाचणी जुन्या इमारतीत फार मोलाची आहे, ताब्याच्या वेळी मात्र तिच्यातून सहसा काही हाती लागत नाही. त्या पैशांत दोन स्वस्त चाचण्या करून घ्या. एक कार्बोनेशनची, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीट किती खोलवर बदललं त्याची : ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थलीन फवारायचं, चांगलं काँक्रीट गडद गुलाबी होतं. नव्या इमारतीत गुलाबी रंग जवळपास पृष्ठभागापर्यंत यायला हवा. वरचे १० मिमी बिनरंगाचे राहिले, तर काँक्रीट सच्छिद्र आहे किंवा पाणी नीट मारलेलं नाही. दुसरी क्लोराइडची : ड्रिलने भुकटी काढून लॅबला द्यायची. सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड आयएस ४५६ ला मान्य नाही. किनारपट्टीवर, खाडीलगत आणि जिथे बांधकामाला बोअरचं खारं पाणी वापरल्याचा संशय आहे, तिथे ही चाचणी सोडू नका. गुरुग्रामसारख्या समुद्रापासून दूरच्या गावात क्लोराइडने इमारत खाल्ली, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या सेवेत स्ट्रक्चरल कन्सल्टंट आधी कागद मागतो, मग पॉइंट ठरवतो, लॅबला आपल्यासमोर काम करायला लावतो आणि शेवटी निष्कर्षावर सही करतो. महाग पडते, वेळ लागतो, पण नव्या इमारतीचं खरं उत्तर याच मार्गाने मिळतं. कन्सल्टंट चांगला आहे की नाही हे त्याच्या पहिल्या फोनवर कळतं. ‘किती पॉइंट घ्यायचे?’ हा त्याचा पहिला प्रश्न असेल तर दुसरा शोधा. त्याने पहिल्यांदा आरसीसी ड्रॉइंग, माती परीक्षणाचा रिपोर्ट आणि क्यूब रजिस्टर (काँक्रीट ओतताना घेतलेल्या नमुन्याच्या ठोकळ्यांच्या ताकदीची नोंदवही) मागायला हवं.

क्यूब रजिस्टर वाचणं हेच अर्धं काम आहे. आयएस ४५६ प्रमाणे ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, ५० पर्यंत चार, पुढे दर ५० ला एक. प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. स्लॅबला १२० घनमीटर काँक्रीट गेलं असेल तर सहा नमुने, म्हणजे २८ दिवसांचे १८ क्यूब दिसले पाहिजेत. रजिस्टरमध्ये तीनच असतील, तर बाकीच्या काँक्रीटबद्दल कुणाला काही माहीत नाही. उलट प्रत्येक मजल्याचे आकडे ३८.२, ३८.४, ३८.३ असे एकसारखे येत असतील, तर ते जास्तच चिंतेचं. खऱ्या काँक्रीटचे आकडे खालीवर होतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर इंजिनिअरचा फॉर्म २अ, म्हणजे गुणवत्तेचं प्रमाणपत्र, चढवलंय का तेही बघून घ्या.

मग जागा निवडायच्या. सरसकट ‘प्रत्येक मजल्यावर पाच’ असं करणारा कन्सल्टंट मेहनत वाचवतोय. दोष कुठे राहतात ते ठरलेलं आहे.

कॉलमचे तळाचे ३०० मिमी. काँक्रीट वरून सोडलं की खडी आधी खाली पोहोचते, शटरच्या तळाच्या फटीतून सिमेंटचं दूध वाहून जातं आणि मोकळी खडी उरते. कोड १.५ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून काँक्रीट टाकू देत नाही, पण तीन मीटरच्या कॉलममध्ये वरून तसंच ओतलेलं सर्रास आढळतं. असा हनीकोंब झालेला (पोकळ्या राहिलेला) भाग दुसऱ्या दिवशी सिमेंट थापून बंद होतो आणि त्यावर प्लास्टर येतं. स्टिल्टमधल्या प्रत्येक कॉलमच्या पायाशी हातोडी वाजवून बघायला काही खर्च नाही. आवाज बसका आला तिथे प्लास्टर काढा.

कॉलम आणि बीमचा सांधा. उंच इमारतीत खालच्या मजल्यांचे कॉलम एम ५० (२८ दिवसांची ताकद ५० न्यूटन प्रति चौ.मिमी) आणि स्लॅब-बीम एम ३० असं असतं. सांध्यात कॉलमचं काँक्रीट आधी टाकून, ते ओलं असतानाच भोवती स्लॅबचं टाकायचं असतं. पण पंपाची लाइन एकच, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या ओळीने उभ्या, त्यामुळे सांध्यातही एम ३० च जातं. वरचा आणि खालचा कॉलम तपासला की दोन्ही पास होतात, मधला बीमच्या खोलीइतका तुकडा कुणी तपासतच नाही. हा तुकडा कडेच्या कॉलमवर, डक्टच्या किंवा बाहेरच्या बाजूने सापडतो. तिथे वाचन घेतलंय का, हे रिपोर्टमध्ये शोधा. आम्हाला कन्सल्टंटची पारख करायला हा एकच प्रश्न पुरेसा वाटतो.

आणि बाल्कनी. कँटिलिव्हर (एकाच कडेला आधार असलेल्या) स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट ओतताना मजूर त्याच जाळीवर चालतात, जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या कमी असल्या की ती खाली बसते. १२५ मिमीचा स्लॅब, २० मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), १० मिमीची सळई धरली तर तळापासून सळईच्या मध्यापर्यंत १०० मिमी मिळतात. जाळी ३० मिमी दबली की उरले ७०, आणि ताकद जवळपास त्याच प्रमाणात, तीस टक्क्यांनी घटते. खालून बघितलं तर बाल्कनी सुरेख गुळगुळीत असते. हे तपासायला भिंतीला लागून असलेली एक टाइल उचलून, मसाला काढून, कव्हरमीटर थेट काँक्रीटवर फिरवायला लागतो. टाइलवरून फिरवला तर मसाल्याची ५० मिमी जाडी मध्ये येते आणि सळई जितकी खोल तितकं मीटर चुकतं. एक टाइल तोडायला बिल्डरची माणसं कुरकुर करतात. तरी हट्ट धरा.

कव्हरमीटर कॉलमवरही फिरवायचा. आयएस ४५६ प्रमाणे कॉलमला साधारण ४० मिमी कव्हर हवं आणि त्यात १० मिमी जास्त चालतं, कमी अजिबात नाही. समुद्राच्या वाऱ्याला उघड्या भागांना ४५ मिमी आणि किमान एम ३० लागतं. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांमधलं अंतरही याच मीटरने कळतं. कॉलमच्या दोन्ही टोकांना भूकंपासाठीचं मानक आयएस १३९२० रिंगा १०० मिमीपेक्षा जास्त अंतरावर चालवून घेत नाही. पुणे आणि मुंबई दोन्ही भूकंपाच्या झोन ३ मध्ये मोडतात, तेव्हा हे शोभेचं कलम नाही. रिंगेचा हूक १३५ अंशांत वळवलाय की ९० मध्ये, हे मात्र मीटर सांगू शकत नाही. त्यासाठी कामाच्या वेळचे फोटो मागावे लागतात.

हॅमर आणि यूपीव्ही दोन्ही खाली आले, तरच कोअर (यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा नमुना) काढायचा. आधी सळया शोधून खुणा करायच्या, मग यंत्र लावायचं. २० मिमी खडीला कोअरचा व्यास किमान ६० हवा, ७५ किंवा १०० असला तर बरं. तीनपेक्षा कमी कोअर कोडला चालत नाहीत. कोअर हा दंडगोल असतो, म्हणून लांबी-व्यासाची दुरुस्ती करून आकडा १.२५ ने गुणला की क्यूबच्या बरोबरीचा होतो. लॅबने हे गुणलंय की नाही ते विचारा. न गुणता नापास केलेले आणि दोनदा गुणून पास केलेले, दोन्ही प्रकार होतात. एम ३० साठी सरासरी ८५ टक्के, म्हणजे २५.५, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे २२.५ च्या खाली नको. २४, २७, २९ आले तर सरासरी २६.७, पास. २१, ३०, ३१ आले तर सरासरी २७.३, पहिल्यापेक्षा चांगली, तरी २१ मुळे नापास. फक्त सरासरी छापणारा रिपोर्ट इथेच फसवतो. भोक नॉन-श्रिंक ग्राउटने त्याच दिवशी भरून घ्यायचं, सिमेंट-वाळूने नाही. पोस्ट-टेन्शन (आतल्या केबल ताणून केलेला) स्लॅब असेल तर टेंडनचं (त्या केबलचं) ड्रॉइंग हातात असल्याशिवाय कोअरच काय, पंख्याच्या हुकासाठी ड्रिलही मारू देऊ नका.

मायव्हान (अॅल्युमिनियमच्या) शटरिंगच्या इमारतीत भिंतीच आरसीसीच्या असतात, प्लास्टर नसतं, त्यामुळे यूपीव्ही सोपी आणि स्वस्त पडते. तिथे खिडकीखालचा भाग आणि वायरिंगचे पाइप दाटलेली जागा तपासायची. काँक्रीट तिथे नीट पोहोचत नाही.

इतकं करूनही एखाद्या स्लॅबबद्दल शंका राहिली, तर लोड टेस्ट. स्लॅबचं स्वतःचं पूर्ण वजन अधिक वापराच्या भाराच्या १.२५ पट, इतका भार २४ तास ठेवायचा, मग काढायचा. पुढच्या २४ तासांत वाक किमान ७५ टक्के परत आला पाहिजे. नाही आला तर ७२ तासांनी पुन्हा चाचणी, आणि तेव्हा ८० टक्के. खालून आधाराचे टेकू थोडी फट ठेवून उभे केल्याशिवाय ही चाचणी सुरू होऊ देऊ नका.

पायाचं मात्र कुठलीच सेवा वरून बघून सांगू शकत नाही. पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) असतील तर ते अखंड आहेत का हे बघणाऱ्या इंटिग्रिटी टेस्टचे कागद, नाहीतर माती परीक्षण आणि फुटिंगची ड्रॉइंग, एवढाच आधार. स्टिल्टच्या कॉलमवर लेव्हलच्या कायम खुणा करून दर सहा महिन्यांनी वाचन घेतलं, तर इमारत कुठे बसतेय ते पहिल्या दोन-तीन वर्षांत कळतं.

आमचा कौल असा. एकट्या फ्लॅटसाठी होम इन्स्पेक्शन घ्या, पण त्यातलं ‘स्ट्रक्चरल’ पान गृहीत धरू नका. एकट्याने लॅब बोलावू नका. तुमच्या फ्लॅटचे दोन बीम तपासून तुमच्या डोक्यावरच्या आणि खालच्या मजल्यांचं काही कळत नाही. वीस-पंचवीस फ्लॅटधारकांनी मिळून, फॉल्स सीलिंग आणि फर्निचर लागायच्या आत, कन्सल्टंट नेमा आणि स्टिल्टपासून सुरुवात करा : सगळे कॉलम तिथे उघडे असतात आणि सगळा भार तिथेच उतरतो. ताब्यानंतर नकाशे आणि कागदपत्रं मिळण्याचा हक्क कलम १९(५) ने दिलेला आहे, तो लेखी वापरा.

रिपोर्ट घेताना प्रत्येक पॉइंट ड्रॉइंगच्या ग्रिडवर दाखवलेला हवा, उदाहरणार्थ ‘सी-४ कॉलम, तळापासून २५० मिमी’. कच्ची वाचनं, उपकरणांची कॅलिब्रेशनची तारीख आणि लॅबच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेत नेमकी हीच चाचणी आहे का, हेही तपासा. मान्यता लॅबला सरसकट नसते, चाचणीनिहाय असते. ‘केवळ दृश्य पाहणीच्या आधारे इमारत सुस्थितीत आहे’ हे वाक्य शेवटी असेल, तर आधीची चाळीस पानं बाद. आणि दोष निघालाच, तर बिल्डरला पाठवायच्या पत्रात ‘काँक्रीट खराब आहे’ असं लिहू नका. कॉलमचा ग्रिड क्रमांक, ड्रॉइंगमधली ग्रेड, मिळालेला आकडा, कोडचं कलम, ताब्याची तारीख एवढं लिहा, रिपोर्टची प्रत जोडा आणि पोच घ्या. ३० दिवस तिथून मोजायचे.